कॅथलिक उपासना : समज आणि गैरसमज

बंगळूर शहराच्या शिवाजीनगर भागात सेंट मेरीज बॅसिलिका नावाचे प्रार्थनामंदिर आहे. दरवर्षी २९ ऑगस्टला तेथे ध्वज चढविला जातो, त्यानंतर नऊ दिवस विशेष प्रार्थना चालते, आणि ८ सप्टेंबरला, येशूची माता मरिया हिच्या जन्मदिनी, तिची मूर्ती रथातून मिरविली जाते. मूर्तीला साडी नेसविलेली असते. लोक फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात आणि फेडतात. या गर्दीत ख्रिस्ती असतात, तसेच हिंदू आणि मुसलमानही असतात.

महाराष्ट्रातून आलेल्या मनुष्याला हे दृश्य परके वाटत नाही, आणि नेमकी येथेच त्याची फसगत होण्याचा संभव असतो. ‘नाव निराळे, पण देवी तीच’ असा स्नेहाचा निष्कर्ष तो काढतो, अथवा ‘मूर्तिपूजेची निंदा करणारे हेच लोक स्वतः मूर्तीपुढे हात जोडतात’ असा उपहासाचा. दोन्ही निष्कर्षांत एक समान दोष आहे. कॅथलिक मनुष्य स्वतः काय करीत आहे असे त्याला वाटते, हे दोन्ही निष्कर्ष काढणारे विचारीत नाहीत. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच प्रश्न विचारण्याचा आहे. एखादी श्रद्धा समजून घेणे म्हणजे ती स्वीकारणे नव्हे. परंतु ती नाकारावयाची असली तरी आधी ती नीट समजली पाहिजे.

बाहेरून पाहणाऱ्याच्या मर्यादा किती असतात याचे उदाहरण याच परिसराच्या इतिहासात सापडते. येथील वस्तीचे जुने नाव ‘बिळी अक्की पळ्ळी’, म्हणजे पांढऱ्या तांदळाचे गाव, असे सांगितले जाते. या वस्तीतील ख्रिस्ती समाजाची सेवा करणाऱ्या आरंभीच्या धर्मगुरूंत आबे द्युब्वा हा फ्रेंच मिशनरी होता. तो १७९२ मध्ये भारतात आला आणि १८२३ पर्यंत येथे राहिला. एतद्देशीयांचा वेष व आहार त्याने स्वीकारला. हिंदूंच्या चालीरीतींवरील त्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेऊन प्रसिद्ध केले. त्यातील बराच मजकूर त्याने आधीच्या एका जेझुइट धर्मगुरूच्या लेखनातून घेतला होता, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. ग्रंथात तपशिलांची समृद्धी आहे. पण हा लेखक मूर्तीपुढे नमणारा मनुष्य पाहतो, तेव्हा त्या नमनाचा अर्थ त्याला विचारीत नाही, स्वतःच ठरवून टाकतो. आज १८८२ मध्ये पूर्ण झालेली आणि १९७३ मध्ये बॅसिलिकेचा दर्जा मिळालेली या ठिकाणची गॉथिक शैलीची वास्तू पाहताना हीच चूक उलट्या दिशेने आपल्या हातून घडू शकते.

प्रथम मूर्तीचा प्रश्न घेऊ. मराठीतील ‘पूजा’ हा शब्द फार व्यापक आहे. आपण देवाची पूजा करतो, गुरूची पूजा करतो, दसऱ्याला शस्त्रांची आणि ग्रंथांचीही पूजा करतो. कॅथलिक धर्मशास्त्र मात्र येथे एक रेषा काटेकोरपणे ओढते. इसवी सन ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने असे ठरविले की, खरी आराधना एकट्या परमेश्वराचीच होऊ शकते. येशूच्या, मरियेच्या व संतांच्या प्रतिमांना मान द्यावा, परंतु तो मान प्रतिमेच्या द्रव्याला नसून जिची ती प्रतिमा आहे त्या व्यक्तीला पोचतो. मराठीत हा भेद ‘आराधना’ आणि ‘आदरभक्ती’ अशा दोन शब्दांनी दाखविता येईल. मरियेला संतांहून अधिक आदर दिला जातो, पण तोही आदरच होय. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते अशी कल्पना येथे नाही.

हा भेद पुस्तकी नाही, याचा पुरावा प्रार्थनांच्या क्रियापदांत मिळतो. कॅथलिकांच्या सामुदायिक नामावळीत परमेश्वराचे व ख्रिस्ताचे नाव येते तेव्हा भाविक दयेची याचना करतात. मरियेचे किंवा एखाद्या संताचे नाव येते तेव्हा ‘आमच्यासाठी विनंती करा’ एवढेच म्हणतात. एकाकडे मागणे असते, दुसऱ्याकडे मध्यस्थीची विनवणी असते. मरिया ही त्यांच्या दृष्टीने देवी नव्हे, तर ईश्वराच्या कृपेने सर्व मानवांत श्रेष्ठ ठरलेली एक स्त्री आहे. रथाच्या गर्दीतील प्रत्येकाच्या मनात ही रेषा तितकीच स्पष्ट असते असा दावा कोणी करणार नाही. धर्मशास्त्र आणि लोकभक्ती यांतील अंतर सर्वच धर्मांत आढळते.

दुसरा प्रश्न मिस्सेचा. मिस्सा हे कॅथलिक उपासनेचे केंद्र होय. यात बायबलचे वाचन व प्रवचन झाल्यावर धर्मगुरू गव्हाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन येशूने अखेरच्या भोजनात उच्चारलेले शब्द उच्चारतो. त्यानंतर ती भाकर ख्रिस्ताचे शरीर व तो रस ख्रिस्ताचे रक्त झाले, अशी श्रद्धा आहे. हे केवळ स्मरण किंवा प्रतीक आहे असे कॅथलिक मानीत नाहीत. डोळ्यांना तर भाकर पूर्वीसारखीच दिसते. मग बदलले काय, असा संशय साहजिकच येतो.

या संशयाला दिलेले उत्तर समजण्यासाठी आपल्याकडील वैशेषिक दर्शनाची परिभाषा उपयोगी पडते. द्रव्य वेगळे आणि त्याचे रंग, चव, आकार इत्यादी गुण वेगळे. कॅथलिक सिद्धान्त असा की, येथे द्रव्य पालटते आणि गुण तसेच राहतात. १२१५ च्या लॅटरन परिषदेने या द्रव्यांतराचा शब्द अधिकृतपणे वापरला. आपला नैयायिक यावर लगेच आक्षेप घेईल की, गुण द्रव्याच्या आश्रयावाचून राहूच शकत नाहीत. हा आक्षेप तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यालाही ठाऊक होता. निसर्गनियमाने हे घडत नाही, ते ईश्वरी सामर्थ्याने घडते, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजेच हा सिद्धान्त तर्काने सिद्ध होतो असा दावा नाही. तो श्रद्धेने स्वीकारलेला असून तर्काने केवळ मांडलेला आहे.

या भाकरीला मराठीत ‘प्रसाद’ म्हणण्याचा मोह होतो. शब्द गोड आहे, पण पुरता नाही. नैवेद्य मनुष्य देवाला अर्पण करतो आणि त्याचा प्रसाद होऊन परत येतो. तो आल्यागेल्या सर्वांना वाटावयाचा असतो. मिस्सेतही अर्पण आहे, परंतु जे परत मिळते ते देवाला दाखविलेले अन्न नसून स्वतः ख्रिस्त होय, अशी धारणा आहे. म्हणून ती भाकर बाप्तिस्मा झालेल्या आणि मनाची योग्य तयारी असलेल्या कॅथलिकालाच सामान्यतः दिली जाते. पाहुण्याने त्या रांगेत उभे राहू नये, अशी अपेक्षा असते. त्यामागे पंक्तिभेद किंवा सोवळ्याची भावना नाही. जो हे सत्य मानीत नाही त्याच्याकडून ते मानल्याची खूण करवून घेऊ नये, असा विचार त्यात आहे. शिल्लक राहिलेली भाकर एका लहानशा पेटीत ठेवतात आणि जवळ अखंड दिवा तेवत असतो. त्या पेटीपुढे कॅथलिक गुडघा टेकतात ती मात्र आराधनाच होय. मूर्तीपुढे आदर आणि या पेटीपुढे आराधना, हा क्रम बाहेरच्याला उलटा वाटतो. पण तो ध्यानी आला म्हणजे कॅथलिक चर्चची रचनाच उलगडू लागते.

तिसरा प्रश्न पापनिवेदनाचा, म्हणजे कन्फेशनचा. ‘पाप करावे, धर्मगुरूच्या कानात सांगावे आणि मोकळे व्हावे’ ही टीका जुनी आहे. शास्त्राप्रमाणे मात्र खऱ्या पश्चात्तापावाचून आणि पुन्हा तसे न करण्याच्या निश्चयावाचून मिळालेली क्षमा फोल असते. चोरलेली वस्तू परत करण्याचे कर्तव्यही क्षमेने संपत नाही. क्षमा ईश्वर करतो. धर्मगुरू तिचा वाहक असतो. जे ऐकले ते कोणत्याही कारणाने उघड न करण्याचे बंधन त्याच्यावर असते. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार ते उघडपणे मोडणारा धर्मगुरू त्या क्षणीच बहिष्कृत होतो. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात पापाच्या दंडातून सूट देणाऱ्या पत्रांची विक्री झाली, हे सत्य आहे. मार्टिन लूथरचा विरोध त्यातूनच पेटला आणि पुढे १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाच्या मोबदल्यात दिलेल्या अशा सवलती रद्द केल्या.

पोप कधी चुकतच नाही असे कॅथलिक मानतात, हीदेखील अपुरी समजूत होय. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने ठरविलेली अचूकता फार मर्यादित आहे. श्रद्धा किंवा नीती यांविषयी समस्त चर्चला बांधील असा निर्णय पोप आपल्या सर्वोच्च अधिकाराने जाहीर करतो, तेव्हाच ती लागू पडते. तेव्हापासून या अधिकाराचा निर्विवाद वापर एकदाच, १९५० मध्ये, मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाच्या सिद्धान्तासाठी झाला. पोपचे राजकारण, त्याचे वैयक्तिक मत किंवा त्याचे आचरण यांना ती लागू नाही.

येथे मराठी वाचकाच्या मनातील सर्वांत खोल संशयाला हात घालणे आवश्यक आहे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन मधल्या अल्प खंडाचा अपवाद वगळता १८१२ पर्यंत चालले. देवळे पाडली गेली, माणसे छळली गेली. ज्यांनी हे केले ते याच मिस्सेला बसत होते. वरील कोणतेही स्पष्टीकरण या इतिहासाला उत्तर होऊ शकत नाही, आणि तसे ते मानूही नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या अनुयायांच्या हातून झालेल्या पापांबद्दल ईश्वराची जाहीर क्षमा मागितली आणि सत्याच्या सेवेसाठी वापरलेल्या जबरदस्तीचा त्यात समावेश केला. ते पुरेसे आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र अत्याचाराचा निषेध करण्यासाठी श्रद्धेचे विपरीत चित्र रंगविण्याची गरज नसते.

त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, हेही विसरता येत नाही. १५७९ मध्ये आलेल्या या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. शब्द आपला झाला, पण त्याबरोबर विष्णूचा सहवासही आला. भाषेने जवळ आणलेला अर्थ भाषेनेच थोडा दूर नेला.

हाच पेच विसाव्या शतकात बंगळूर येथे पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) मिस्सेत लॅटिनऐवजी लोकभाषांना वाट मोकळी केली. १९६७ मध्ये फादर अमलोरपवदास यांच्या नेतृत्वाखाली या शहरात बायबल, धर्मशिक्षण व उपासना यांचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा बदलांना मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, फुले-धूप-दीप यांनी आरती, असे त्यांचे स्वरूप होते. काही कॅथलिकांना यात धर्माचे हिंदूकरण दिसले, तर काही हिंदूंना धर्मांतराचा नवा वेष दिसला. बंगळूरच्या चर्चमध्ये भाषा कोणती, कन्नड की तमिळ, हा वादही दीर्घकाळ गाजला. लोकभाषा स्वीकारली तरी ‘लोक कोणते?’ हा प्रश्न उरतोच.

म्हणून मरियेच्या अंगावरील साडीचा अर्थ लावताना सावध राहावे. ती साडी मरियेला देवी ठरवीत नाही, आणि ती फसवणुकीचे सोंगही नव्हे. ज्या स्त्रियांनी तिला आई मानले त्यांनी आपल्या आईचा वेष तिला दिला, इतकाच तिचा साधा अर्थ होय. मिस्सा चालू असताना कोणीही आत जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो. इतरांबरोबर उठावे, बसावे. हात जोडण्याची किंवा गुडघे टेकण्याची सक्ती नसते. मनात संशय असेल तर तो घेऊनच बसावे, आणि मिस्सा आटोपल्यावर शेजारच्या भाविकाला विचारावे. विचारलेल्या संशयाला उत्तर मिळण्याची निदान शक्यता असते.