खाचराची रुंदी कोण ठरवतं?

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरच्या कुशीत घोड नदीचं खोरं आहे. डिंभे धरण झालं, नदीकाठची सपाट भातखाचरं बुडाली आणि तिथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या वाट्याला उतार उरला. उतार फोडून खाचर पाडायची इथली जुनी रीत म्हणजे पडकई. आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या, अशी वाडी मिळून राबते. 'शाश्वत' संस्थेने या कामाला पुन्हा उभारी दिली. 2012 साली तिला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला.

पडकईचा हिशेब साधा आहे. डोंगर शंभर फुटांत वीस फूट उतरत असेल, तर दहा फूट रुंदीच्या खाचराला दोन फुटी बांध पुरतो. तीस फूट रुंदी हवी, तर बांध सहा फुटांवर जातो आणि त्यामागे ओल्या मातीचा रेटा त्याहूनही जास्त पटीने वाढतो. जुनी खाचरं चिंचोळी दिसतात ती यामुळे. आधी वरची काळी माती खरवडून बाजूला ठेवायची. मोठे दगड पायाला, बांधाचा कल डोंगराकडे, मागे मुरूम, आणि शेवटी तीच माती वर पसरायची. दगडांत चुना-सिमेंट नाही, म्हणून अडलेलं पाणी फटींतून झिरपून जातं. सगळ्यात वरच्या खाचराच्या डोक्यावर डोंगराचा लोंढा वळवायला चर, आणि प्रत्येक बांधाला पक्क्या जागी सांडवा. अनोळखी माणूस बांध बघतो. जाणता शेतकरी आधी सांडवा बघतो.

एवढं करूनही बांध आपोआप टिकत नाही. खेकडे आणि उंदीर त्याला भोकं पाडतात, गुरं काठ तुडवतात, झुडपांची मुळं दगड हलवतात. मृगाआधी डागडुजी करायची आणि भर पावसात बांधावरून फिरून भोकं बुजवायची. वरचा एक बांध फुटला की त्याचं पाणी आणि माती खालच्या खाचरावर येते, मग त्याच्या खालच्या. म्हणजे माझा बांध राखणं ही शेजाऱ्याचीही गरज असते. सामाईक श्रमाची रीत टिकली त्यामागे भाबडी सद्भावना कमी आणि ही भीती जास्त असावी, असं मला वाटतं.

यंत्र आलं आणि रुंदीचा हिशेब बदलला. जेसीबीला वळायला जागा लागते. मग खाचर रुंद, डोंगराचा काप उंच, आणि चालकाने लक्ष दिलं नाही तर काळी माती मुरमाखाली गाडली जाते. 30 जुलै 2014 रोजी याच आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. मुसळधार पाऊस आणि मुळातला तीव्र उतार हीही कारणं होतीच. पण त्या गदारोळात कुदळीची पडकई आणि जेसीबीचं सपाटीकरण एकाच मापाने मोजलं गेलं, हे अन्यायाचं झालं.

सरकारने बांध घालावेत ही कल्पना मात्र जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सुचवलं होतं, की सरकारने पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल. 1942 मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणेचा कायदा केला, पुढे रोजगार हमीतून बांधबंदिस्तीची कामं निघाली. यांतला बहुतेक भर नवं बांधण्यावर. खोदलेल्या मातीचं माप घेऊन मजुरी काढणं सोपं. बुजवलेल्या खेकड्याच्या भोकाचं माप कोण घेणार? निदान वैशाख-ज्येष्ठात जुन्या बांधांच्या डागडुजीला मजुरी मिळावी. त्याच महिन्यांत पोरं मंचर-चाकणला कामाला जातात, आणि ढासळलेले दगड जागेवर बसवायला घरात म्हातारी माणसंच उरतात.