थंडीत भूक लागणारे मासे

मुलांनो, थंडीच्या दिवसांत अंथरुणातून उठायचा कंटाळा येतो ना? माशांचंही तसंच असतं बरं का! मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं अंग गार. गारठ्यात त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते. मग गळाला लावलेलं आमिष अगदी तोंडाशी आलं तरी स्वारी ढिम्म हलत नाही!

पण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या क्लिंटन तलावाची गंमत वेगळी आहे. हिवाळ्यात आसपासची तळी गोठतात, तरी या तलावाच्या एका भागातलं पाणी कोमट असतं. तिथे मासे गोळा होतात आणि त्यांच्यामागे गळ घेऊन हौशी मंडळीही!

हे पाणी तापवतं कोण? काठावरचं अणुवीजकेंद्र. त्याच्यासाठीच नदी अडवून हा तलाव बांधला. केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेली तलावाचं पाणी वाहून नेतं आणि सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून परत तलावात येतं. हे पाणी अणुभट्टीत मात्र शिरत नाही. वाफ थंड करण्यासाठी ते वेगळ्या नळ्यांतून फिरतं.

म्हणजे माशांची चंगळच की! पण थांबा. उन्हाळ्यात हेच पाणी त्यांच्या जिवावर उठू शकतं. गार सोड्यात वायू टिकतो, कोमट सोड्यातून तो भसकन निघून जातो, हे तुम्ही पाहिलं असेल. प्राणवायूचंही तसंच. ० अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे १४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात! मासे गुदमरतात.

हिवाळ्यातला धोका याच्या उलट. केंद्र एकाएकी बंद पडलं तर? जानेवारी १९७२ मध्ये अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात, ऑयस्टर क्रीक अणुवीजकेंद्राजवळच्या खाडीत असंच घडलं. केंद्र थांबलं, पाणी झपाट्याने गार झालं आणि उबेला थांबलेले मेनहॅडन जातीचे हजारो मासे मेले. एरवी हे मासे थंडी पडताच दक्षिणेकडे निघून जातात.

म्हणूनच भर हिवाळ्यात केंद्र थांबवायचं असेल, तर पाणी हळूहळू गार होऊ देणं चांगलं. माशाला ऊब तेवढी कळते. तिची कळ माणसाच्या हातात आहे, हे त्याला कुठून कळणार? ते आपणच लक्षात ठेवायचं!