पाठीमागचा वारा, पुढची धावपट्टी

कांजूरमार्गहून दक्षिणेकडे पाहिले, तर घाटकोपरच्या बाजूने मुंबई विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात. बहुतेक विमाने पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. त्यांच्या धावपट्टीचा क्रमांक २७ आहे; म्हणजे २७० अंश, पश्चिम दिशा. मुंबईत वाराही बहुधा पश्चिमेचा, समुद्रावरून येणारा. वाऱ्याला सामोरे जाऊन उतरण्याचे कारण काय?

विमानाला उचलून धरायला पंखांना हवेच्या सापेक्ष वेग लागतो. ब्रेकना मात्र जमिनीच्या सापेक्ष असलेला वेग संपवायचा असतो. या दोन वेगांमधला फरक म्हणजे वारा.

समजा, एका हलक्या विमानाला उतरताना हवेत ताशी १०० किलोमीटर वेग हवा आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर आहे. वारा समोरून असेल, तर चाके टेकताना जमिनीवरचा वेग ८०. मागून असेल, तर १२०. वेग दीडपट झाला. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ब्रेकचा जोर तोच राहिला, तरी थांबण्याचे अंतर सव्वादोनपट होते. जे विमान २०० मीटरमध्ये थांबले असते, त्याला ४५० मीटर लागतात. मोठ्या विमानाच्या वेगाच्या मानाने हाच वारा किरकोळ ठरतो. हलक्या विमानाला तो भारी पडतो.

वारा सोसाट्याचा असेल, तर आणखी एक अडचण येते. झोत एकदम ओसरून विमान आदळू नये म्हणून वैमानिक थोडा जादा वेग राखतो. तो वेग कमी होईपर्यंत विमान धावपट्टीवर तरंगत राहते आणि तेवढी धावपट्टी वाया जाते.

मोठी विमानेही या नियमातून सुटत नाहीत. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग विमान कोझिकोडला पावसात उतरले. मागून ताशी सुमारे २६ किलोमीटरचा वारा होता. सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीपैकी निम्मी मागे पडल्यावर चाके टेकली. तेव्हा जमिनीवरचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक होता. एकट्या वाऱ्यामुळेच थांबण्याचे अंतर सुमारे एक पंचमांशाने वाढते. विमान पठाराच्या कडेवरून खाली कोसळले. कॅप्टन दीपक साठे व त्यांचे सहवैमानिक यांच्यासह २१ जणांचा मृत्यू झाला.

म्हणूनच चाके वेळेत टेकत नसतील, तर उतरणे सोडून पुन्हा वर जावे, असे वैमानिकांना शिकवले जाते.

वर्गाचा नियम मैदानावर सायकलने पडताळता येईल. खुणेच्या आधीचे १० मीटर कापायला लागणारा वेळ मोजा, खुणेवर मागचा ब्रेक दाबा आणि थांबण्याचे अंतर मोजा. मग थोड्या जास्त वेगाने हाच प्रयोग करा. वेग दीडपट झाल्यावर अंतर किती पट वाढले, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.