वकिली सोडून बालशिक्षणाकडे : गिजुभाई बधेका

गिजुभाई बधेका यांनी शिक्षकी पत्करली, तेव्हा त्यांच्या वयाची 30 वर्षे उलटली होती आणि सौराष्ट्रातील वढवाण येथे त्यांची वकिली चालू होती. 15 नोव्हेंबर 1885 रोजी चितळ येथे जन्मलेले गिजुभाई 1907 मध्ये पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. तेथून परतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला. अध्यापन हे त्यांच्या मनात मुळात नव्हतेच.

या वळणाचे कारण घरातच होते. 1913 मध्ये मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे, कसे शिकवावे, हा प्रश्न वडील म्हणून त्यांच्यापुढे उभा राहिला. छडी, घोकंपट्टी आणि धाक हीच त्या काळच्या शाळांची रीत होती. ती आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, असे त्यांना वाटे. मोतीभाई अमीन यांच्यामुळे मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. मूल स्वतःच्या हालचालींतून आणि इंद्रियांच्या अनुभवातून शिकते, मोठ्यांनी त्याला मोकळीक आणि योग्य साधने द्यावीत, हा त्या विचारांचा गाभा होता. स्वतःच्या मुलासाठी सुरू झालेला शोध हळूहळू सगळ्याच मुलांसाठी झाला.

1916 मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत दाखल झाले. नानाभाई भट्ट यांनी ती 1910 मध्ये स्थापन केली होती. तेथे गिजुभाईंकडे माध्यमिक शाळेचे काम आले. मोठ्या मुलांना शिकवताना त्यांच्या ध्यानात आले, की भीती आणि परावलंबन या वयापर्यंत अंगी मुरलेले असते. सुरुवात फार आधी व्हायला हवी. म्हणून 1920 मध्ये त्यांनी लहानग्यांसाठी बालमंदिर काढले. आपले खरे काम कोणते, हे त्यांना असे शिकवता शिकवताच उमगले.

बालमंदिरात शिक्षा नव्हती आणि बक्षिसेही नव्हती. माँटेसरींच्या साधनांना गिजुभाईंनी गोष्टी, लोकगीते, नाट्य, मातीकाम आणि बागकाम यांची जोड दिली. त्यांच्या मायेमुळे गुजरातेत ते ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणून ओळखले जाऊ लागले.

नवख्या शिक्षकाची परीक्षा कशी होते, हे त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात दिसते. त्यातील लक्ष्मीराम हा शिक्षक वाचन आणि चिंतनाच्या बळावर शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मुलांकडून शांततेचा खेळ करून घेऊ पाहतो आणि वर्गात एकच गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो, तशी मुले त्याच्याभोवती गोळा होतात. मग गोष्टींतून वाचनाची गोडी लागते, खेळांतून शिस्त येते. पुस्तकी योजना वर्गात कोलमडली, तरी मुलांकडे पाहून ती बदलता येणे, हेच शिक्षकाचे खरे कसब असल्याचे ही कहाणी पटवून देते.

मुलांबद्दल नुसता जिव्हाळा असून भागत नाही, हेही गिजुभाईंनी ओळखले होते. त्यांनी अध्यापन मंदिर काढून बालशिक्षक घडवले, पालकांसाठी लिहिले आणि बालसाहित्याची मोठी भर घातली. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्यात त्यांच्या सहकारी होत्या मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयातील मानाचे पद सोडून त्या 1923 मध्ये भावनगरला आल्या होत्या.

23 जून 1939 रोजी गिजुभाईंचे निधन झाले. ताराबाई त्याआधीच मुंबईत परतल्या होत्या. दादरच्या शिशुविहारातून त्यांनी हे काम मराठी मुलांपर्यंत नेले. 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्या आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवू लागल्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडीची कल्पना रुजली. एका वकिलाने भावनगरात सुरू केलेल्या कामाची शाखा अशी महाराष्ट्रात विस्तारली.