कंसातले दोन शून्य

"भाऊ, नवं कर्नेल टाकलं, अन् आता मशीन उठूनच नाही राह्यली."

अकोल्याहून फोन आला तेव्हा रात्रीचे ९ वाजले होते. बोलत होता एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतला सहायक, नोकरीला लागून वर्षही न झालेला. मे महिना, मागे कूलरची घरघर. सकाळी १० वाजता प्रॅक्टिकल, आणि मुलांच्या सगळ्या फायली त्या एका लिनक्स सर्व्हरवर. मी अमरावतीत. मूर्तिजापूरमार्गे शंभरेक किलोमीटर जाण्यापेक्षा फोनवरच बसलो.

"घाबरू नको. पडद्यावर काय लिहून आहे, अक्षर न् अक्षर वाच."

त्यानं वाचलं. कर्नेल पॅनिक. रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही. आणि शेवटी कंसात शून्य, स्वल्पविराम, शून्य.

ते दोन शून्य ऐकून माझा जीव भांड्यात पडला. डिस्क मेली असावी या भीतीनं पोराचा आवाज कापत होता; पण कर्नेलला डिस्क बहुतेक दिसलेलीच नव्हती. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर ठेवलेला असतो डिस्कवरच. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत! हा पेच सुटावा म्हणून इनिटरॅमएफएस नावाचं एक गाठोडं असतं. ग्रब हा बूटलोडर कर्नेलसोबत तेही मेमरीत चढवतो. गरजेपुरते ड्रायव्हर त्यातून मिळतात. इथे ते गाठोडंच बांधलं गेलं नसणार.

ग्रबच्या आधी लिलो होता. कर्नेल डिस्कवर नेमकं कुठे आहे याचे पत्ते तो टिपून ठेवायचा. कर्नेल बदललं आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, की जुन्या पत्त्यावर कुणी सापडत नसे. त्या घोळात मी अख्ख्या रात्री घालवल्या आहेत, म्हणून या पोराची धडधड मला फोनवरही कळत होती.

"बंद करून चालू कर. शिफ्ट दाबून धर. मेनू आला? ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. नव्याच्या खालचं, जुनं कर्नेल निवड."

पंख्याचा आवाज चढला, उतरला. मग बराच वेळ काहीच नाही.

"आलं भाऊ! लॉगिन आलं!"

आता कारण शोधायचं. डीएफ चालवायला सांगितलं. बूटचं विभाजन १०० टक्के भरलेलं. दर अपडेटला मागचं कर्नेल तिथंच राहतं. अशी सहा साठली होती, आणि नव्याचं गाठोडं बांधायला जागाच उरली नव्हती. चालू असलेलं कोणतं ते यूनेम उणे आर देऊन आधी बघून घेतलं. सगळ्यात जुनी तीन काढली, इनिटरॅमएफएस नव्यानं बांधलं, अपडेट-ग्रब चालवलं, मशीन पुन्हा सुरू केली. या खेपेला ती थेट नव्या कर्नेलवर उठली. साडेदहा झाले होते.

"भाऊ, आता उरलेली जुनी बी पुसून टाकू का?"

"ज्यानं आज तुला वाचवलं, ते राहू दे."