ब्रेक लावला की गाडी एका बाजूला का ओढते?

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतात ट्रॅक्टर चालताना नीट पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. तास संपून धुरा जवळ आला की चालक स्टिअरिंग फिरवतो आणि त्याच वेळी पायाने एकच ब्रेक दाबतो. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन मोठ्या चाकांसाठी ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात. उजवे दाबले की उजवे चाक थबकते, डावे पुढे जात राहते आणि एवढे मोठे यंत्र थोड्या जागेत उजवीकडे वळते. बंडी हाकणाराही फारसे वेगळे काही करत नाही. उजव्या बैलाला आवरतो आणि डाव्याला पुढे काढतो.

शेतात हा सोयीचा गुण आहे. रस्त्यावर हीच गोष्ट चालकाच्या मनात नसताना घडली, तर मात्र ती जिवावर बेतू शकते. काही वर्षांपूर्वी वर्ध्याहून हिंगणघाटला जाताना आम्हाला तसा अनुभव आला. म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक दाबला आणि आमची जुनी मोटार उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला सरकली. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते. शिक्षकी पेशाला साजेसा सिद्धांत आम्ही लगेच मांडला: गाडी उजवीकडे जाते, तेव्हा दोष उजव्या चाकात. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून उजवे चाक उघडून घेतले. तिथे सारे ठीक होते.

आमचे कुठे चुकले, ते वर्गात करून पाहता येते. तान्ह्या पोळ्यात मुले मिरवतात तो चाकांचा लाकडी नंदी घ्या. (सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे, तेव्हा नंदी मिळायला अडचण पडू नये.) त्याची चाके मात्र प्रत्येकी सुटी फिरणारी हवीत, एकाच आसाला जखडलेली नकोत. गुळगुळीत फरशीवर ढकलून सोडल्यावर तो साधारण सरळ जातो. आता पुढच्या दोन्ही चाकांच्या आणि पाटाच्या फटीत चिंध्या सारख्याच कोंबा. नंदी लवकर थांबेल, पण सरळ थांबेल. मग फक्त डाव्या बाजूची चिंधी सैल करा. नंदी उजवीकडे वळेल. उजव्या चाकाला आपण हातही लावलेला नाही. डाव्याने आपले काम कमी केले एवढेच. गाडी जिकडे ओढते त्या बाजूचे चाक बहुधा आपले काम चोख करत असते आणि कामचुकार चाक समोरच्या बाजूला असते.

हा फरक किती भारी पडतो, त्याचा हिशेब सोपा आहे. १,००० किलोग्रॅमची मोटार दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करते आहे असे धरू. त्यासाठी ४,००० न्यूटन बल लागते. थांबताना भार पुढे झुकतो, म्हणून यातले सुमारे ३,००० न्यूटन पुढच्या चाकांनी पुरवायचे, म्हणजे प्रत्येकी १,५००. समजा उजव्या चाकाने १,८०० दिले आणि डाव्याने १,२००. चाके गाडीच्या मध्यरेषेपासून ०.६५ मीटरवर असतील, तर ६०० न्यूटनच्या फरकाचे आघूर्ण ३९० न्यूटन-मीटर भरते. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला ४० किलोग्रॅमचे पोते टांगल्यावर जेवढा पीळ बसेल, तेवढ्या पिळाने गाडी फिरू पाहते.

पण दोन्ही बाजूंच्या ब्रेकना तेलाचा दाब सारखाच मिळत नाही का? पास्कलचा नियम तर तेच सांगतो. खरेच आहे, आणि निदानाला हाच नियम उपयोगी पडतो. पेडल आणि मुख्य सिलिंडर दोन्ही बाजूंना सामाईक असतात, म्हणून दोष बहुधा त्यांच्यात नसतो. नळ्या डाव्या-उजव्या बाजूंना फुटल्यानंतरच्या भागात तो शोधायचा. शिवाय नियम स्थिर द्रवाचा आहे. चाकाजवळची रबरी नळी आतून फुगून अरुंद झाली, तर तेल उशिरा पोहोचते. गाडी आधी एका बाजूला ओढते आणि दाब सारखा झाला की सरळ होते. पेडल सोडल्यावर तेच तेल परतायलाही उशीर लावते, त्यामुळे आता ती विरुद्ध बाजूला ओढते. असे उलटसुलट लक्षण दिसले की आधी नळीवर संशय घ्यावा.

दाब सारखा असूनही घर्षण वेगळे असू शकते. एका बाजूच्या लायनरवर ग्रीस किंवा ब्रेक ऑईल गळाले, की तिथले घर्षण घटते. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गेल्यावर एकच ड्रम भिजला तरी तसेच होते; पण हळू चालवत ब्रेक हलकेच दाबत राहिले की ड्रम वाळतो आणि दोष जातो. ग्रीसचा दोष असा जात नाही.

आमच्या मिस्त्रीने दुसऱ्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर गाडी नेऊन आठ-दहा वेळा ब्रेक लावले, आणि उतरून पुढच्या चाकांजवळ तळहात नेला, न टेकवता. उजव्या चाकाजवळ चांगलीच धग होती, डाव्याजवळ जेमतेम. गतिज ऊर्जेची उष्णता ब्रेकमध्येच व्हायची असते. जे चाक तापले नाही त्याने गाडी थांबवली नाही. (वर्ध्याच्या मे महिन्यात सारेच तापलेले असते, म्हणून डाव्या-उजव्याची तुलना करायची.) डाव्या बाजूचा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या चिखल-पाण्याने गंजून जाम झाल्या होत्या. आतला पॅड झिजला होता आणि बाहेरचा जवळजवळ कोरा होता. पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावले आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एकाच बाजूला नवे पॅड घातले तर पुन्हा फरक पडणार.

ब्रेक न लावताही गाडी कडेला जात असेल, तर आधी टायरमधली हवा आणि चाकांची अलाइनमेंट पाहावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, तेव्हा डावीकडे किंचित कल हा दोष मानू नये. फक्त ब्रेक लावतानाच ओढते आणि 'टक्' असा आवाज येतो, असे असेल तर चाक धरून ठेवणाऱ्या आर्मचे रबरी बुश तपासावे; ते झिजले की ब्रेकच्या जोराने चाकच मागे सरकते.

ट्रॅक्टरचे दोन पेडल एकमेकांना जोडायला एक खिटी दिलेली असते. कापसाची ट्रॉली घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागण्याआधी ती अडकवायची असते. शेतातली सवय म्हणून ती तशीच सुटी राहिली आणि वेगात एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर धुऱ्यावर वळतो तसाच गर्रकन वळू पाहतो आणि मागून ट्रॉलीचा रेटा असल्याने उलटू शकतो.