रुसलेल्या रखुमाईचे लग्न

आज माघ शुद्ध पंचमी. वसंत पंचमीचा मंगल दिवस. आज पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईचा विवाह लागतो. देवांना शुभ्र वस्त्रे नेसवतात, मंगलाष्टके होतात, अक्षता पडतात आणि अवघे क्षेत्र लग्नघर होऊन जाते. जे लग्न द्वारकेत युगांपूर्वी झाले, ते पंढरीत प्रतिवर्षी पुन्हा कशासाठी लावायचे, असे घरातील एखाद्या बालकाने विचारलेच, तर आजीने त्याला रुसव्याची कथा सांगावी.

राधेला भगवंतांच्या अंकावर बसलेली पाहून रुक्मिणीमातेचे मन दुखावले. तिने आकांत केला नाही, की कोणाकडे गाऱ्हाणे नेले नाही. द्वारकेचे वैभव मागे टाकून ती मुकाट्याने दिंडीरवनात येऊन तपाला बसली. चंद्रभागेच्या काठचे लखुबाईचे देऊळ त्या स्थानाची खूण म्हणून आजही दाखवतात. भगवंत तिच्या शोधार्थ निघाले. गाई-गोपाळांना गोपाळपुरी ठेवून ते पुढे एकटेच आले. ज्याला शोधण्यासाठी योगी वनोवनी हिंडतात, तोच येथे पत्नीला शोधत रानोमाळ फिरला!

त्याच रानात पुंडलिक राहत होता. तोही एके काळी चुकलेलाच. तारुण्याच्या मदात त्याने जन्मदात्यांना छळले होते. काशीयात्रेच्या वाटेवर कुक्कुटऋषींच्या आश्रमात त्याने पहाटे एक नवल पाहिले. मलिन वस्त्रांतील काही स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडासंमार्जन केले आणि त्या उजळून बाहेर पडल्या. त्या होत्या गंगा, यमुना आणि सरस्वती. मातापित्यांची सेवा करणाऱ्या ऋषींच्या अंगणात त्या लोकांचे पाप धुऊन टाकीत होत्या. पुंडलिकाचे डोळे उघडले. तो घरी परतला आणि आईवडिलांच्या चरणांपाशी बसला. पुढे दारी देव आला तेव्हाही त्याची सेवा खंडली नाही. त्याने मागे वीट भिरकावली आणि देव तिच्यावर उभा राहिला.

पत्नीची समजूत काढायला आलेला देव आणि पश्चात्तापाने पालटलेला पुत्र यांच्या भेटीतून पंढरी उभी राहिली. जेथे चुकलेल्याला परत येण्याची वाट मिळाली, ते स्थान अवघ्या महाराष्ट्राचे माहेर झाले, यात नवल ते काय?

येथे एक गोष्ट विसरू नये. पंढरीत रखुमाईचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यात नाही. त्याच आवारात, परंतु स्वतंत्र आहे. समेट झाला, म्हणून मातेचा मान उणा झाला नाही. क्षमा करणाऱ्याने आपले दुःख खोटे होते असे म्हणावे लागत नाही, आणि क्षमा मागणाऱ्याने वीटेवर तिष्ठत उभे राहण्यात कमीपणा मानू नये, हाच त्या दोन गाभाऱ्यांचा बोध होय.

आपल्या घरांतूनही कोणी रुसून माहेरी गेलेली असते, कोणी वृद्ध पिता मुलाच्या एका पत्राची वाट पाहत असतो. आज देवघरात विठ्ठल-रखुमाईवर अक्षता वाहताना त्यांचे स्मरण करावे, आणि सायंकाळच्या दिव्यापूर्वी त्यांच्या दारी आपणच जावे. साक्षात परब्रह्म जेथे समजूत घालायला चालत गेले, तेथे आपला अभिमान तो केवढा!